पेन्सिलची चौकट

न्यूलिनच्या चढावर, मासळीबाजाराच्या मागे
टॅम्झिनचं घर. दाराला घंटी नाही,
सातव्या महिन्यात तिनंच काढून टाकलेली.
मी दार ठोठावलं. तीनदा. मग आणखी तीनदा.
तेवढ्यानंच तिची सकाळ मोडली असणार, हे आता कळतं.

माझ्याकडे दहा प्रश्न होते आणि वीस मिनिटं.
'गेल्या आठवड्यात उगाच रडू आलं का?'
तिनं विचारलं, आठवडा कुठून मोजायचा?
सोमवारपासून, की आत्तापासून मागे?
आणि उगाच म्हणजे काय?
कारण असलेलं रडणं कुठल्या रकान्यात जातं?
मला वाटलं, बाई टाळतेय.
मी लिहिलं: सहकार्य करत नाही.

दूध पाजताना ती भिंतीकडे बघत होती.
मी लिहिलं: बाळाशी नजर मिळवत नाही.
दात दातांवर घट्ट, आणि पायाचा अंगठा
फरशीवर एकच रेघ ओढत होता, पुन्हा पुन्हा.
त्या रेघेनंच तिला खुर्चीत धरून ठेवलं होतं.
मला ती दिसली. वाचता आली नाही.

फ्रिजवर एक वही. वेळा, आकडे, चढत्या-उतरत्या रेषा.
'हे काय?'
'मेरिनचं रडणं.'
बाळंतपणाआधी ती बंदराच्या कचेरीत
भरती-ओहोटीची कोष्टकं तपासायची.
मी लिहिलं: मोजण्याचं वेड?
प्रश्नचिन्ह तेवढं टाकलं. तेवढीच माझी सभ्यता.

निघताना म्हटलं, 'काही लागलं तर फोन करा हं,'
सगळ्यांना म्हणते तसं.
'मला फोनवर बोलता येत नाही,' ती म्हणाली.
मी हसले. मला तो विनोद वाटला.

नोव्हेंबरात जागो बोटीवरून परतला तेव्हा
ती न्हाणीघरात, दिवा बंद, कानांवर तळवे,
आणि समोर टॉवेलांच्या घडीवर मेरिन, कोरडी, पोट भरलेली, झोपलेली.
आमच्या बैठकीत कुणीतरी 'दुर्लक्ष' हा शब्द उच्चारला.
जागोनं काही न बोलता वही टेबलावर ठेवली.

निळ्या शाईत लेकीचं, हिरव्या शाईत स्वतःचं.
'४:४०. आवाज चिरका, शेवटी उचकी. टोपीची शिवण टोचत होती. काढली. थांबलं.'
'५:१५. माझं. कारण: नळाचं टपटपणं आणि कालचा पाहुणा.'
आणि अगदी पहिल्या पानावर, प्रसूतीच्या रात्रीचं:
'सहा हात. सांगून कुणीच लावला नाही.'
भिंतीकडे बघणाऱ्या त्या बाईनं
पोरीचा एकही श्वास नजरेतून सुटू दिला नव्हता.
आणि मी, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी, काय बघत होते?

यावेळी आधी लिहून पाठवलं:
गुरुवारी दोन दहाला येईन. एकटी. चार प्रश्न आहेत, ते असे.
उत्तरं त्याच रात्री आली, क्रमांक घालून.
तिसऱ्याचं उत्तर:
'मला मरायचं नाहीये. मला थांबायचंय.
तुमच्या कागदावर दोन्हींसाठी एकच चौकट आहे.'

गुरुवारी मी विचारलं, 'थांबायचंय म्हणजे किती वेळ?'
'चाळीस मिनिटं. अंधारात. कुणी हात न लावता.'
गोळ्या चालू आहेत, त्या लागतात तिला.
पण हे चाळीस मिनिटांचं औषध
आमच्या कपाटात कधी नव्हतंच,
कारण ते कुणी मागितलं तर ऐकू येईल
असा कान आम्ही ठेवला नव्हता.

मी त्या चौकटीशेजारी पेन्सिलनं दुसरी काढली.
संगणकानं ती घेतली नाही. आकडा टाका, म्हणाला.
कागद अजून माझ्या खणात आहे.

तिनं माझ्या कानाच्या पाळीकडे बघत म्हटलं,
'तुम्ही आज अत्तर लावलं नाहीत.'
'नाही.'
मग वही ओढली, हिरवं पेन शोधलं,
आणि मला दिसेल असं, सावकाश लिहिलं:
२:१०. आली. वेळेवर.